नव्या भाताची पेज

चौथी सुई काढत होते, तेवढ्यात जेठीबाईंचा हात खाटेवरून खाली लोंबला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. डोळे अर्धवट उघडे होते, पण बघत होते भलतीकडेच.

"पाणी थंड हाय," त्या पुटपुटल्या. "पाय रुततोय."

खोलीत पाणी नव्हतं. उधव्याची ऑक्टोबरमधली दुपार होती आणि डोक्यावर पंखा कण्हत फिरत होता. जेठीबाई मात्र कुठल्यातरी खाचरात उभ्या होत्या, आणि क्षणभर मलाही वाटलं की मी त्यांच्या बांधावर उभी आहे. मग भानावर आले. उरलेल्या सुया काढल्या, पायाखाली दोन उशा सरकवल्या. त्यांनी डोळे नीट उघडल्यावर सून सुनीतानं थोडं थोडं साखरपाणी पाजलं. बीपी घेतलं. वरचा आकडा नव्वदसुद्धा भरत नव्हता.

मी ॲक्युपंक्चर करते. डहाणू रोडला माझं क्लिनिक आहे आणि दर गुरुवारी उधव्याला एका ट्रस्टच्या सेंटरवर जाते. मी एमबीबीएस डॉक्टर नाही, हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मला डॉक्टरबाईच म्हणतात. सुया लावल्या की पेशंटला वीस मिनिटं पडून राहावं लागतं. ही वीस मिनिटं माझी फार लाडकी. माणसं धड झोपत नाहीत, धड जागीही नसतात. कुणी गुरांना हाका मारतं, कुणी केव्हाच गेलेल्या भावाशी बोलतं. खिडकीतून कापलेल्या गवताचा वास येतो, लांब कुठेतरी झोडणीचा आवाज येतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी खुर्चीत माझाही डोळा लागतो. ट्रस्टींना हे माहीत नाही.

पण हे तरंगणं वेगळं आणि चक्कर वेगळी. पोट रिकामं असताना सुया लावल्या तर बीपी धाडकन पडू शकतं. म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारते, खाऊन आलात ना? जेठीबाई "हां" म्हणाल्या होत्या.

ट्रस्टी जयंतीभाई दारात येऊन उभे राहिले.

"बेन, सुईनं झाला का हे?"

"माहीत नाही. गाडी काढा."

"म्हणजे सेंटरचं नाव..."

"जयंतीभाई, गाडी!"

तलासरीच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता मला नीटसा आठवत नाही. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं, ते आठवतं. जेठीबाईंचं डोकं सुनीताच्या मांडीवर होतं आणि मी मनातल्या मनात प्रत्येक सुई पुन्हा लावून बघत होते. कुठे चुकलं? गुडघ्याखाली चार बोटांवरचा पॉईंट मी डोळे मिटूनही शोधते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी ईसीजी काढला, शुगर तपासली, सलाईन लावलं.

"मॅडम, तुमच्या सुईचा फार दोष नाही," ते म्हणाले. "पेशंट उपाशी आहे. आजचीच नाही, आठवडाभराची. घरी खायला नाही का?"

सुनीता उसळली. "घर भाताने भरलाय आमचा!"

"मग?"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

आता आदल्या गुरुवारचं सांगायला हवं. चिनी वैद्यकात वर्षाचे ऋतू पाच. प्रत्येक ऋतूला शरीरातला एक अवयव जोडलेला. ऋतू पालटला की खाणं, झोपणं, उठणंही थोडं थोडं पालटायचं, म्हणजे तोल राहतो, असा सगळा विचार. सेंटरच्या भिंतीवर मी त्याचा तक्ता लावलाय. शरद ऋतूच्या घरात गळणारं पान आहे. ते बघून जेठीबाई म्हणाल्या होत्या, "आमचा पान तं होळीच्या टायमाला गळतो." मी हसले आणि पुढे शिकवत राहिले. तिथेच थांबायला हवं होतं.

त्यांची तक्रार होती गुडघ्यांची आणि पावसाळ्यापासून मेलेल्या भुकेची. पण मागणं एकच होतं.

"कापणीला उभी राहली पायजे. लगीन होऊन आली तवापासून एक कापणी चुकली नाय माझी."

मी नाडी पाहिली, जीभ पाहिली. पोट अशक्त, असा निष्कर्ष काढला. म्हटलं, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर बंद, ती तुम्हाला जड पडते. दोन्ही वेळ गरम पेज घ्या. घरात तांदूळ कुठला आहे? सुनीता म्हणाली, हळवा भात कापून आणलाय. हळवं म्हणजे लवकर पिकणारं. मला कोण आनंद झाला! ऋतूचं धान्य, ऋतूतच, स्वतःच्या शेतातलं. "मग त्याचीच पेज घ्या, दुसरं काही नको," मी ठासून सांगितलं.

जेठीबाई जराशा थांबल्या. मग "बरा" म्हणाल्या.

"आमच्यात नवा भात असा खात नाय," हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुनीता सांगू लागली. "आधी देवाला दाखवायचा. पूर्ण पाडा मिळून. भगत दिस सांगतो. तवर कोण दाणा तोंडात घालत नाय."

"आणि दिवस कधीचा आहे?"

"येत्या मंगळवारचा."

"मग तुम्ही सगळे काय खाता?"

"नागली. रेशनचा तांदूळ. सासूला बोलली, तू पण खा. ती बोलते, नागली बाईनी बंद केली, नि तांदूळ नवाच सांगला. कोरा चहा प्यायची नि दुधीचा पाणी."

सात वर्षं मी या रस्त्यानं येते. या पाड्यांवरची लग्नं जेवलेय. आणि इथे नवं धान्य कधी खातात हे मला ठाऊक नव्हतं, चीनमध्ये कुठल्या महिन्यात काय खातात ते मात्र तोंडपाठ होतं.

मी आत गेले. जेठीबाई सलाईनच्या थेंबांकडे टक लावून बघत होत्या. संध्याकाळचं ऊन त्या बाटलीतून त्यांच्या पांघरुणावर पडलं होतं आणि त्या बोटानं ते हलकेच चाचपत होत्या.

"जेठीबाई, मला सांगायचं ना! म्हणायचं, बाई, हे जमत नाही."

"कसा सांगू? तुम्ही एवढ्या लांबून येता." त्या शांतपणे म्हणाल्या. "देवाचा मोडला नाय. तुमचा पण मोडला नाय."

दोघांचं राखता राखता हाल झाले ते त्यांच्या पोटाचे. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"आजपासून नागली चालू," मी म्हटलं.

"जड नाय पडणार?"

"पडली तर मला शिव्या द्या."

त्या पहिल्यांदाच हसल्या. सुनीतानं डब्यातली भाकर काढली, डॉक्टरांना विचारून दुधात कुस्करली, आणि जेठीबाईंनी ती हळूहळू सगळी संपवली. दोन दिवसांनी त्यांना घरी सोडलं.

मंगळवारी पाड्यानं देवाला नवं दाखवलं. संध्याकाळी सुनीताचा फोन आला, सासूनं वाडगाभर पेज घेतली. पुढच्या आठवड्यात उरलेल्या भाताची मोठी कापणी लागली. वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून जेठीबाई बांधावर बसून पेंढ्या बांधत राहिल्या. गुरुवारी मी गेले तेव्हा सकाळच्या धुक्यात त्यांचं लुगडं तेवढं दिसत होतं. म्हणजे कापणी चुकली नाही. गुडघे अजून दुखतात, तेही सांगून टाकते.

पेशंट ऐकत नाहीत, ही आमच्या धंद्यातली कायमची रड. मीही वर्षानुवर्षं रडत आले. एक पेशंट शब्दन् शब्द ऐकणारी भेटली आणि तिला सलाईन लावावं लागलं. तेव्हापासून मी सांगते कमी आणि आधी विचारते.