रामनगरची गच्ची

आधी चहा संपवा बाई, मग हसा. ठसका लागला तर माझं नाव नको. आणि ही फजिती मीच सांगते, कारण दुसरे लोक फार वाढवून सांगतात!

शेजारच्या मालतीच्या लेकीचं लग्न ठरलं. रुखवतात कुरडया घरच्याच हव्यात, हा मालतीच्या सासूबाईंचा, म्हणजे माईंचा हुकूम. पण दुर्गाघाटला गच्चीत वाळवण घालायचं म्हणजे माकडांना पंगतीचं बोलावणं! पहिला घाणा त्यांनी फस्त केला. मालती रडकुंडीला आली, कारण गव्हाचा चीक आता एका घाण्यापुरताच उरला होता.

मी गप्प बसेन? मालतीच्या दिरानं, विष्णूनं, नदीपलीकडे रामनगरला साड्यांचं गोदाम बांधलंय. मी ई-रिक्षातून जाताना पाहिलं होतं. समोरून काय देखणं! वरून सपाट, नक्षीचा कठडा, आसपास एक झाड नाही.

"अगं, गच्ची आहे तिथे, चांगली ऐसपैस!"

"जिना बरा आहे ना? माईंचे गुडघे…"

"रुंद पायऱ्या!"

आता गच्ची म्हटल्यावर जिना आलाच, नाही का?

सकाळीच बोटीनं निघालो. शेगडी, सोऱ्या, चिकाचं पातेलं आणि माई. गोदामाच्या अंगणात चीक शिजवून तयार केला, तेवढ्यात विष्णू आला.

"भावोजी, जिना कुठून?" मालतीनं विचारलं.

"कसला जिना, वहिनी?"

"गच्चीवर जायचा."

"गच्ची कुठाय इथे?"

मला वाटलं, नवी वास्तू खराब होईल म्हणून टाळतोय. मी पदर खोचला. "का रे विष्णू, चार कुरडयांनी तुझी गच्ची झिजणार आहे का? सख्ख्या पुतणीचं लग्न!"

तो आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेला.

मागे काय? घसरगुंडीसारखा उतरता पत्रा! मी पाहिलेला कठडा म्हणजे पुढून लोखंडी सांगाड्यावर ठोकलेली नक्षीदार पट्टी. उतार झाकायचा आणि गिऱ्हाइकाला पक्की इमारत वाटायला लावायची, एवढंच तिचं काम.

"रुंद पायऱ्या?" माईंनी नुसतं विचारलं.

इकडे चीक निवत चाललेला. निवला की सोऱ्यातून उतरतोय कुठला! "शिडी लावा, पत्र्यावरच घालते," म्हणत मीच चढले. पहिली कुरडई घातली. ती घसरत थेट खालच्या पन्हळीत! दुसरी तिच्या सोबतीला.

"माकडं बरी गं," माई खालून म्हणाल्या. "ती निदान बोटीत बसवून आणत नाहीत."

शेवटी विष्णूनंच साड्यांच्या गठ्ठ्यांवरचं कोरं प्लास्टिक काढून अंगणात अंथरलं. मालतीनं भराभर कुरडया घातल्या, मला कावळे हाकायला बसवलं. रुखवतापुरत्या झाल्या एकदाच्या.

विष्णूनं मग मिस्त्रीला फोन लावला. मला वाटलं, माझं बोलणं मनाला लागलं, जिना करायला सांगतोय बिचारा.

"मिस्त्रीजी, पट्टी एकदम चौचक बनी है! हमारे मोहल्ले की जिस चाची से किसी के घर का कुछ नहीं छिपता ना, छत की ढलान उनको भी नहीं दिखी!"