विटाळ न पाळणारं घर

देवणीहून लातूरला शिकवणीसाठी आले ती मी शरणम्मा आत्याकडेच राहिले. आत्या मुलींची मेस चालवायची. दुपारी कुकरची वाफ, फोडणीचा वास आणि जेवता जेवता जीवशास्त्र पुटपुटणाऱ्या पोरी, यांत ते घर तरंगत असल्यासारखं वाटायचं. मी वर्षभर त्या गुंगीतच होते म्हणा ना.

आत्याचा हात मात्र झपाझप चालायचा. खोलीवर जेवणाऱ्यांसाठी ती उकळती आमटी प्लास्टिकच्या पिशवीत ओतून गाठ मारायची. उरलेल्या पिशव्यांतली आमटी माझ्या वाट्याला यायची.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात पाळीचा विटाळ नाही. त्या दिवसांतही पूजा, चूल, सगळं चालू. आत्याला याचा केवढा अभिमान! मेसमधली कंधारची मृण्मयी पाळीत एकदा बाजूला बसली, तर आत्याने तिला हाताला धरून पंगतीत आणलं. पण जिथे कुणीच बाजूला बसत नाही, तिथे कुणाची पाळी चुकली हेही कळत नाही. माझी कित्येक महिने आली नाही. मी उलट खूश, अभ्यासाचे दिवस वाचले म्हणून! अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

हनुवटीवर राठ केस आले तेव्हा मृण्मयीनेच आत्याच्या कानावर घातलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून पीसीओएस आहे म्हणून सांगितलं. "कारणं बरीच असतात. घराण्यातलं, वजन, झोप. प्लास्टिकमधली काही रसायनं हार्मोन्सच्या कामात लुडबुड करतात, असाही संशय आहे. पण त्यानंच झालं असं नाही सांगता येत. गरम अन्न तेवढं त्यात घालू नका."

आत्याने घरी येताच पिशव्यांचा गठ्ठा बाहेर काढला. "उद्यापासून स्टीलचा डबा आणा, न्हाई तर हितं बसून खावा," पोरींना दम दिला. मग माझ्याकडे वळली.

"भूकंपात माझी लेक बाजूच्या खोलीत व्हती. मातीचं जड माळवद पडलं, मला हाक बी आली न्हाई. तू तर माझ्या शेजारी जेवून राहिलीस, अन् तू बी सांगितलं न्हाईस?"

लेकीबद्दल ती कधीच बोलत नसे. फक्त दुपारी डोळा लागला की झोपेत हसायची. त्या दिवशी म्हणाली, स्वप्नात जुनं घर येतं, माळवदावर लेक केस वाळवत बसलेली असते, आणि घराला काही वजनच नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोळ्या, चालणं, वेळेवर झोप सुरू झाली. आत्या विचारायची नाही, नुसती बघायची. पाळी नाहीच आली तर, या धास्तीने मी रोज कॅलेंडरवर दिवस मोजायचे.

एका दुपारी भरल्या पंगतीत मी न्हाणीतूनच ओरडले, "आत्या, आली!"

पोरी खिदळल्या. आत्याने पळी पातेल्यात टाकली आणि येऊन न्हाणीच्या दारात माझ्याजवळ खाली बसली. मेस चालू असताना तिला बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"दुखतंय का गं?"

"लई."

"सांगत राहा," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. पोरींनी आपापलं वाढून घेतलं.