आखाजीचा झोका आणि अकरा हजार व्होल्ट

पारोळ्याच्या पुढं, धुळ्याच्या रस्त्यावरच्या एका गावात पहिला ट्रान्सफॉर्मर बसवायचं काम माझ्याकडं होतं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी वीजखात्यातला साधा सुपरवायझर. त्या कामानं माझं जेवढं रक्त आटवलं, तेवढं पुढच्या सगळ्या नोकरीत आटलं नाही.

गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर, आणि वैशाखात बाया तळातलं पाणी शेंदून शेंदून थकायच्या. तिच्यावर पंप बसला होता, फक्त वीज यायची बाकी होती. साहेबांनी वीज सोडायचा दिवस ठरवला तो नेमका आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. साहेब पुण्याकडचे. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी येतात आणि दिवसभर झोके घेतात, हे त्यांना कोण सांगणार? दुपारी चारला पारोळ्याहून वीज सुटेल, असं त्यांनी फर्मावलं. गावात टेलिफोन नव्हता, म्हणजे ठरलं ते ठरलं.

तीनच्या सुमारास मी वायरमनला घेऊन विहिरीवर पोचलो आणि कपाळाला हात मारला. ट्रान्सफॉर्मरच्या दोन खांबांना आडवा बांबू बांधून पोरींनी दोन झोके टांगले होते. डोक्यावर तो लोखंडी डबा, बाजूनं खाली उतरणाऱ्या तारा, आणि झोका वर गेला की उभ्या पोरीची वेणी त्या तारांपासून हातभरावर. गौराईची गाणी चालली होती.

"उतरा खाली!" मी ओरडलो. कोण ऐकतंय?

खांबाशी एक म्हातारी अक्का पोरींची राखण करत बसली होती. तिला म्हटलं, "अक्का, चार वाजता यात वीज येणार. पोरी मरतील."

"तुम्ही आमना निंब तोडा," ती शांतपणे म्हणाली. "त्यालेच झोका ऱ्हाये. आते हाऊ खांबा आमना."

निंब तोडला होता हे खरं. तारांच्या वाटेत येत होता. पण हुकूम साहेबांचा, आणि बोलणी खायला मी!

"हाऊ डबामा काय शे?" तिनं विचारलं.

मीही शहाणा, उन्हात उभं राहून तिला ट्रान्सफॉर्मर शिकवायला लागलो. म्हटलं, लांबून वीज आणायची तर दाब मोठा ठेवावा लागतो, नाहीतर मोटेचं पाणी लांबच्या पाटात मुरतं तशी ती तारांतच जिरते. म्हणून अकरा हजार व्होल्टनं आणायची. पण तेवढा दाब पंपाला दिला तर पंप जळेल, म्हणून या डब्यात तो चारशेवर उतरवायचा. आत लोखंडाचा एकच गाभा, त्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एकाला वेढे पुष्कळ, दुसऱ्याला थोडे. वेढे कमी तसा दाब कमी. दोन्ही वेटोळी एकमेकांना शिवत नाहीत आणि गार राहायला भोवती तेल.

"शिवत नही, भिडत नही, मंग इकडनी वीज तिकडे कशी जास?" अक्का हसली. "भाऊ, पोरीस्ले उतराडाले काहीबी सांगी ऱ्हायना तू."

पालथ्या घड्यावर पाणी! घड्याळाचा काटा पुढं सरकत होता. तेवढ्यात एक पोर पाणी प्यायला उतरली. तिचा झोका मोकळा लोंबत राहिला, दुसऱ्यावरची पोर जोरात झोके घेतच होती. आणि मोकळा झोका आपोआप हलायला लागला. आधी जरासा, मग चांगलाच.

"अक्का, तो बघा!" मी जवळजवळ किंचाळलो. "त्याला कोण ढकलतंय?"

अक्कानं पाहिलं. वारा नव्हता. "बांबू हालस," ती पुटपुटली.

"तेच! बांबू हलतो म्हणून शिवल्याशिवाय इकडचा झोका तिकडं पोचतो. डब्यात लोखंडाचं चुंबकत्व तसंच हलतं. वीज तारेत मागंपुढं झोके घेते म्हणून ते जमतं. एकाच बाजूला वाहिली तर दुसऱ्या वेटोळ्याला काही मिळणार नाही."

अक्का त्या हलत्या रिकाम्या झोक्याकडं बघत राहिली. मग तिनं मान वर करून डब्याकडं पाहिलं, तारांकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पार बदलला.

"शिवाशिवाय पोचस ती?" म्हणत ती उठली, आणि त्या वयात धावत जाऊन तिनं झोक्यावरच्या पोरीला दोर धरून थांबवलं. "उतर वं माय, उतर! बठ्ठ्या तिकडे व्हा!" बांबूच्या गाठी मी आणि वायरमननं विळ्यानं कापल्या.

चारला डबा गुणगुणायला लागला. पंप सुरू झाला आणि नळातून मनगटाएवढी धार पडली. सगळं गाव लोटलं. माझ्या गळ्यात कुणीतरी हार घातला. मी घाम पुसत अक्काला म्हटलं, "बघा, आता शेंदायला नको."

"पानी उनं, चांगलं झायं," ती म्हणाली. "पन पोरी सकाळ सासरले जातीन. आते झोका कोठे बांधाना?"

मला तिचा भयंकर राग आला. जीव वाचवला, पाणी आणलं, तरी हिचं आपलं तेच! उत्तर द्यायला मी आजूबाजूला नजर फिरवली. विहिरीभोवती उघडं रान होतं आणि निंबाचं बुंध्याशी तोडलेलं खोड. त्या खोडाशी पोरी दोर गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाणी बघायला त्यांतली एकही उठली नाही.