कमी मार्कांचा पेपर

सर्व लहानथोरांस कळविण्यात येते की, कुंडलचे माजी हवालदार बापू यांच्या लिव्हरचा निकाल आज सकाळी जाहीर झाला असून ते उत्तम रीतीने पास झालेले आहेत हो...

सांगलीच्या दवाखान्यात, बापूच्या खाटेजवळच्या स्टुलावर चढून, वाटीवर चमचा बडवत ही दवंडी मीच दिली. सगळा वॉर्ड हसला. तिसऱ्या दिवशी बापू गेला. त्याला आता महिना होत आला, तरी वाटीवर चमचा आपटला की मी ताटावरून उठतो.

आम्ही एका तालमीतले. पुढे तो फौजेत गेला, मी साताऱ्याला छापखान्यात चिकटलो. रजेवर येताना तो साताऱ्याच्या स्टँडवर ट्रंक टाकून आधी माझ्याकडे येई. एकाहत्तरच्या लढाईतून अंगावर ओरखडाही न घेता आला. "गोळीला माझा पत्ता गावलाच न्हाई गड्या," म्हणायचा. असा गडी काविळीने आडवा पडला. मी भेटायला गेलो तर डोळे पिवळेजर्द, आणि तोंडाचा पट्टा चालूच. "हळद लागलीया रं मला. वऱ्हाड कवा आणतोस?"

डॉक्टरांनी मला समजावलं होतं, लिव्हरच्या पेशी मरू लागल्या की त्यांच्यातली एन्झाइमं रक्तात सांडतात. रक्ततपासणीत त्यांचा आकडा जितका मोठा तितकी आत पडझड मोठी. मी ते बापूला सांगितलं. तो खूश. "कमी मार्क पडली की पास? लय बेस पेपर हाय. शाळंत असला असता तर मी मास्तर झालो असतो."

वहिनींचा त्या आकड्यांवर भरवसा नव्हता. त्यांनी वडूजकडून काविळीची माळ आणवली होती. काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेले, आधी मुकुटासारखी डोक्यावर ठेवायची. काड्या सुकतात, दोरा सैल होतो, माळ लांबत गळ्यात येते, मग पोटावर. माळ खाली आली की कावीळ उतरली. बापू आम्हा दोघांना झुंजवायचा. "बघू, डॉक्टर जिततोय का माळ."

आणि एका सकाळी दोघंही जिंकले. माळ बेंबीपाशी आली, आकडा धाडकन खाली. वहिनींनी पेढे मागवले, मी स्टुलावर चढलो. त्या दिवशी बापू मधेच झोपेत गेल्यासारखा बोलत होता, मला दोनदा सुभेदारसाहेब म्हणाला. आम्हाला तीही त्याची थट्टाच वाटली.

आकडा का उतरला ते मला नंतर कळलं. सांडायला आत पेशीच उरल्या नव्हत्या, लिव्हर आकसून हाताला लागेनासं झालं होतं. पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट तर तेराव्यानंतर आला. काविळीचा विषाणू जवळजवळ संपलेला, त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडं मात्र भरपूर. डॉक्टर म्हणाले, कधी कधी शरीर इतक्या त्वेषाने लढतं की शत्रूबरोबर आपलंच घर पाडून टाकतं. फौजी माणूस... दुसरं काय करणार होता.

ती माळ कुंडलच्या घरात त्याच्या फौजी टोपीच्या खुंटीला लटकते आहे. वहिनी कुणाला हात लावू देत नाहीत. परवा तिच्याखाली बसून चहा घेतला, आणि ती सकाळ पुन्हा समोर आली. डॉक्टर आले, त्यांनी बापूचं पोट चाचपलं, पुन्हा चाचपलं. वहिनींनी पुढे केलेला पेढा तसाच हातात धरून ते उभे राहिले. आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. बापूने डोळे उघडले, त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"आवं डॉक्टर, पास मी झालोय म्हणत्यात, मग तुमी नापास झाल्यागत का हुभं हायसा?"