कार्ड वकिलाचं, दंड माझा

डेपोत त्याला सगळे वकील म्हणतात. आहे ड्रायव्हर, पण उलटतपासणी घेतल्याशिवाय हा माणूस चहासुद्धा पीत नाही. मेकॅनिक म्हणाला टायर ठीक आहे, की हा खाली उतरून स्वतः हात लावून बघणार. एकोणीस वर्षं मी त्याच्या बसवर कंडक्टर आहे, तरी रोज सकाळी विचारतो, "तिकिटांचं मशीन चालतंय ना? नक्की?" डोकं फिरतं हो माझं!

गेल्या महिन्यात नोटीस लागली. चाळिशी ओलांडलेल्यांची हृदयाची तपासणी, डेपोच्याच विश्रांतीखोलीत, फुकट. ड्रायव्हरांना सक्तीची, आम्हा कंडक्टरांना ऐच्छिक. वकील नोटिशीसमोर दहा मिनिटं उभा राहिला.

"फुकट? कशासाठी? यात काहीतरी काळंबेरं आहे," तो म्हणाला. "ब्लडप्रेशर निघालं की स्टिअरिंग काढून घेणार आणि चौकशीच्या खिडकीत बसवणार. जुन्या ड्रायव्हरांना हटवायचा डाव आहे हा."

मलाही ते पटलं, खोटं कशाला बोलू? आदल्याच वर्षी दोघांना असं खाली उतरवलं होतं.

आमच्याकडे यावर एक तोडगा चालतो. तपासणीच्या कार्डावर फोटो नसतो, नुसतं नाव आणि बिल्ला नंबर. ज्याला धाकधूक असते तो आपल्या जागी एखादा धडधाकट माणूस पाठवतो. वकिलाने मला पाठवलं. मी काटकुळा. सिगरेट नाही, दारू नाही, दिवसभर उभा. जाड माणसांचे रोग मला कुठून व्हायचे?

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून पुन्हा बांधला. "धावत आलात का?" मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा बांधला, मग रक्त घेतलं. मला वाटलं, नवशिकी दिसतेय.

चार दिवसांनी वकिलाला स्टिअरिंगवरून उतरवलं. कार्डावर लिहिलं होतं, ब्लडप्रेशर एकशे नव्वद, साखर वाढलेली, हृदयाला धोका, ताबडतोब उपचार.

संध्याकाळी तो माझ्या घरी आला. भांडायलाच आला असणार, म्हणून मी आधीच आवाज चढवला, "मशीन खोटं असतं हे तूच म्हणायचास!"

तो बसलाही नाही. माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, जेवणात मीठ कमी करा." आणि कार्ड टेबलावर ठेवलं. "नाव माझं आहे, पण आजार याचा आहे."

ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "काय लपवताय तुम्ही दोघं?"

"अरे, मशीन..." मी म्हणालो.

"माझ्यापुरतं असू दे खोटं. तुझ्या जिवावर मी पैज लावणार नाही. उद्या जाऊन खरं सांगायचं."

"तुला कामावरून काढतील, वकील."

"काढू देत."

नोकरी त्याची जाणार आणि जीव माझा वाचणार, हा कुठला न्याय?

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई भडकल्या. "अहो, याच्या आकड्यावर मी तुम्हाला गोळ्या लिहून दिल्या! त्या घेतल्या असत्यात तर?" मला त्यांनी समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं. काटकुळेपणावर विसंबून राहणारे माझ्यासारखे त्यांना रोज भेटतात म्हणे. मग त्या वकिलाकडे वळल्या. "घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

प्रश्नाला उलटा प्रश्न टाकणाऱ्या या माणसाने या वेळी सरळ उत्तर दिलं.

"वडिलांना," तो म्हणाला. "तेही ड्रायव्हर होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी, गाडी चालवतानाच गेले. सगळे म्हणाले, पित्त. मी शेजारी बसलो होतो. पित्त नव्हतं ते."

एकोणीस वर्षांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. याच वर्षी त्याला चव्वेचाळीस लागलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा हातात घेतला. तो बाहीचं बटण सोडायला लागला, पण ते काही सुटेना. शेवटी मीच सोडलं.