लुगड्याचं अस्तर

भाऊ गुरुवारी गेला. दुकानात, मशीनवर बसून. समोरच्या चहावाल्याने हाक मारली, भावाने मान वर केली नाही. मग मला वसमतला फोन आला.

भावाने लग्न केलं नव्हतं, म्हणून जवळा बाजार या गावातलं ते शिलाईचं दुकान आता माझ्याकडे आहे. मला शिवता येत नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. सुट्टीच्या दिवशी एसटीने येते, शटर वर करते आणि बसते. भावाकडे शिवायला टाकलेले कपडे मागायला लोक येत राहिले. अर्धी विजार, बिनबाह्यांचं झंपर, नुसतंच बेतलेलं कापड, जे असेल ते मी ज्याचं त्याला परत दिलं. आमचं जे बाहेर गेलं होतं ते मात्र आम्हाला तसं परत मिळालं नाही. त्याबद्दल हे लिहिते आहे.

आमचे आजोबा शिकारी कोट शिवायचे. निजामाच्या काळात पुसेगावकडच्या एका जमीनदार घराण्याला शिकारीचा नाद होता, आणि त्यांचे कोट आमच्याकडून जात. जाड खाकी कापड, छातीवर काडतुसांचे कप्पे, पाठीमागे मारलेले तितर टाकायला एक भलामोठा खिसा. कापड बाजारातून यायचं, पण अस्तर बाजारातून आणायचं नाही असा आजोबांचा रिवाज होता. ज्याचा कोट, त्याच्या घरातल्या बाईने आपलं नेसून मऊ झालेलं लुगडं स्वतःच्या हाताने द्यायचं. त्याचा तुकडा आतून पाठीला लावायचा, तोही मशीनवर नाही, हाताच्या धावदोऱ्याने. रानात गेलेल्या माणसाची पाठ घरच्या बाईने राखावी, एवढाच त्याचा अर्थ. असं अस्तर लागलं की कोट त्या घराचा झाला. परक्याने तो अंगात घालायचा नाही.

भावाच्या वाट्याला शाळेचे गणवेश आणि पुढाऱ्यांचे सफारी आले. तरी आजोबांचे पुठ्ठ्याचे साचे त्याने खिळ्यावरून कधी उतरवले नाहीत.

त्या जमीनदार घराण्याचा नातू पुण्यात कपड्यांचा धंदा करतो. एका बाजाराच्या दिवशी त्याची गाडी दुकानासमोर थांबली. त्याच्या मोबाईलमध्ये त्याच्या आजोबांचा बंदूक घेतलेला फोटो होता, आणि फोटोतल्या अंगावर आमच्या आजोबांचा कोट.

"मास्तर, हा कोट आपण दोघं मिळून पुन्हा करू या," तो म्हणाला. "तुमचा हात, माझं दुकान. दोन्ही घराण्यांचं नाव राहील."

भाऊ इतका खूश झालेला मी कधी पाहिला नव्हता. साचे पुसले, वसमतला येऊन कापड पाहून गेला, गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं. चहावाला चिडवायचा, "काहून हो मास्तर, शिकार बंद अन् कोट चालू?"

"रानडुकरं लई झालीत ना शिवारात," भाऊ म्हणायचा. "त्यांचंच माप घेऊन राहिलो. तूबी येऊन जा, बराबर बसंल तुला."

कोट होत आला तसं त्याने पुण्याला फोन केला. मी समोर होते.

"मालक, आता तुमच्या मातोश्रीचं एखादं लुगडं लागंल. जुनं. अस्तराला."

"अहो मास्तर, आई कुठली लुगडं नेसायला! लावा काहीतरी छान."

"काहीतरी न्हाई लागत त्येला, मालक."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. भावाने पुन्हा दोनदा विचारलं, उत्तर तेच. भाऊ वयाने त्याच्या काकासारखा, तरी 'मालक' म्हणायचा, हे मला सहन व्हायचं नाही. मी तसं बोलले.

"जिभेची सवय हाय बाई," तो म्हणाला. "त्यानं काय व्हतंय?"

पुष्कळ काही होतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आता तर खात्री आहे.

बिनअस्तराचा कोट तो पुरा करीना. एका रविवारी तो माझ्या घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आईचं हिरवं लुगडं तुझ्यापाशी हाय न्हवं?"

आईची बाकीची लुगडी तिच्यामागे वाटली गेली होती. हे एक मी ठेवलं होतं. हिरवं, लाल काठाचं. नेसून नेसून ते विरलं होतं. सुई झेलील असा पदराजवळचाच भाग उरला होता.

"आईचं लुगडं परक्याच्या कोटाला?" मी विचारलं.

"परक्याच्या न्हाई. ह्यो पयला कोट आपला. फोटो-बिटो काढून झाले की आपल्या घरात राहील. पुढले कोट त्येंच्या घरच्या लुगड्याचे." मग म्हणाला, "मी तुझ्या पेटीतून न्हाई काढणार. तू हातानं दे. आता आपल्या घरची बाई तूच."

मी दिलं. चार दिवस तो संध्याकाळी मशीन बंद करून हाताने ते अस्तर लावत बसला. नातू कोट न्यायला आला तेव्हा भावाने त्याला कोट उलटा करून दाखवला, हे कोणाचं आहे आणि का लावलं ते सांगितलं. नातू म्हणाला, "क्या बात है! मापं घेतो, फोटो काढतो आणि आणून देतो. हा तुमचाच, मास्तर." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले आहेत.

कोट आला नाही. फोटो आले. चहावाल्याच्या पोराने मोबाईलवर दाखवले. उसाच्या फडात एक देखणा मुलगा तो कोट घालून उभा होता. खाली लिहिलं होतं की हा एका घराण्याच्या शिकारीचा वारसा आहे. कोणत्या घराण्याच्या, ते सांगायला नकोच. शेवटी एक ओळ होती, 'स्थानिक कारागिराच्या सहकार्याने'. बंदूक धरली त्यांचं घराणं, आणि सुई धरली तो स्थानिक. तीन पिढ्या त्या एका शब्दात गुंडाळून टाकल्या. मजुरीबद्दल माझी तक्रार नाही, ती पोचली होती. पण त्या मुलाच्या पाठीला आतून माझी आई लागलेली होती. हे त्यांना सांगितलेलं होतं, आणि तरी त्यांनी त्याला तो घालायला दिला.

मी संतापले. भाऊ नाही. "लेकरू हाय," तो म्हणाला. "कोट आला म्हंजे झालं." तो फोन करत राहिला. कोट प्रदर्शनात आहे, कोट शूटिंगला गेलाय, पुढच्या आठवड्यात नक्की. मग तो गुरुवार आला.

तेराव्यानंतर नातू भेटायला आला. डोळे ओले होते. ते खोटे होते असं मी म्हणणार नाही. त्याने एक खोका माझ्यापुढे ठेवला. "ताई, मास्तरांचा कोट. शब्द दिला होता."

मी कोट काढला. खाकी कापड ओळखीचं, काज भावाचे. मी तो उलटा केला. आत हिरवं, लाल काठाचं अस्तर होतं, गुळगुळीत, चकचकीत. आईच्या काठाची नक्षी त्यावर हुबेहूब छापलेली होती. नव्या कापडाचा वास येत होता.

"हे काय आहे?"

"ते जुनं कापड जीर्ण झालं होतं ना ताई, फाटत होतं. आमच्या लोकांनी बदललं. पण डिझाईन आम्ही वाया जाऊ दिलं नाही, सगळ्या कोटांना हेच अस्तर घातलंय. लोकांना फार आवडतं."

"आणि माझ्या आईचं लुगडं?"

तो म्हणाला, "बघायला लावतो."

"तुमच्या आईच्या साडीचं अस्तर करून, उसवून, कुठे टाकलं ते बघायला लावतो असं तुम्हाला कोणी म्हटलं असतं तर?"

"ताई, तुम्ही भावनेच्या भरात..."

"मी तुम्हाला प्रश्न विचारलाय."

तो उठला, नमस्कार केला आणि गेला. चहावाला सगळं ऐकत होता. गाडी वळल्यावर म्हणाला, "मास्तर असते तर त्याला चा पाजून धाडलं असतं." बरोबर आहे. मी पाजला नाही. पुढेही पाजणार नाही.

मी तीनदा विचारणा केली. तिसऱ्यांदा उत्तर आलं की कापड सापडत नाही, त्याबद्दल खेद आहे, आणि माझ्या मापाचा एक नवा कोट भेट म्हणून पाठवता येईल. मी नको कळवलं. आईचा काठ आज कोणाकोणाच्या पाठीला आहे, मला माहीत नाही. एकाही घरच्या बाईने तो हाताने दिलेला नाही.

गेल्या रविवारी दुकानात बसून मी ते छापलेलं अस्तर उसवून काढलं. त्यावर मशीनची शिलाई होती, भराभर सुटली. आत नुसतं खाकी कापड निघालं, आणि पाठीवर चारी कडांनी भावाच्या धावदोऱ्याची भोकं.

कोट माझ्याकडे आहे. लुगडं नाही. भोकं आहेत.