तिफणीचं माप

आर्णी रस्त्यावरच्या कृषी पार्कात अखाजीचा मेळा होता. जुन्या अवजारांच्या छपरीत मी पेरणीच्या तिफणीसोबत सेल्फी काढत होते. तेवढ्यात नऊवारीतल्या एक बाई दोरीखालून वाकून सरळ आत शिरल्या. बियाणं टाकायच्या लाकडी चाड्याभोवती त्यांनी सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली.

"मावशी, हात नका लावू. जुनी वस्तू हाय," राखणदार म्हणाला.

"जुनी कायची? अशीच माह्या घरी हाय. चाडं फुटलं, सुताराले माप द्या लागते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचा फोटो झाला असन तं बाजूले व्हा. मले पेरायचं हाय."

मी सरकले. त्या खालच्या नळ्या मोजू लागल्या, तेव्हा सुतळीचं दुसरं टोक राखणदारानंच धरलं.